वॉटर ब्लॉक बसवूनही प्रोसेसर दर तीन आठवड्यांनी पुन्हा का तापतो : पेस्ट बदलण्यापूर्वी करायच्या तपासण्या

प्रोसेसरवर वॉटर ब्लॉक, म्हणजे आतून पाणी खेळवून त्याची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा, बसवला, पहिले दोन-तीन आठवडे तापमान उत्तम राहिले, मग रोज थोडे थोडे चढत गेले. ब्लॉक काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि ब्लॉक यांच्यामधली फट भरून उष्णता पुढे नेणारा लेप) नव्याने लावली तेव्हा ते उतरले, आणि आणखी तीन आठवड्यांनी पहिले पाढे पंचावन्न. ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते की तिचे उत्तरही ठरून गेले आहे: पेस्ट बदला, शक्य तर महागातली घ्या. हे उत्तर मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात माझ्या यंत्रावर चार वेळा अमलात आणले, चारही वेळा ते लागू पडले, आणि त्यांपैकी तीन वेळा दोष पेस्टचा मुळीच नव्हता.

इंदूरला रामबागेतल्या राहत्या घरी, एका खोलीत, वास्तुविशारदांसाठी चित्रे रेंडर करण्याचे माझे काम चालते. यंत्रात इंटेलचा कोअर आय७-१२७००के हा प्रोसेसर आहे. त्याची मूळ वीजमर्यादा १२५ वॉट आणि टर्बोची, म्हणजे जास्त वेगाने धावतानाची, मर्यादा १९० वॉट असून, तापमान १०० अंश सेल्सिअसला टेकले की तो स्वतःहून क्लॉक (कामाचा वेग) खाली आणतो. त्यावर निकेलचा मुलामा दिलेला तांब्याचा ब्लॉक, पंख्यांच्या हवेने पाणी थंड करणारा २४० मिलिमीटरचा रेडिएटर, डी५ जातीचा पंप, छोटी टाकी आणि मऊ नळ्या, एवढाच सरंजाम दिवाळीनंतर मी स्वतः बसवला. तापमान चढू लागले की रात्री लावलेले रेंडर सकाळपर्यंत पूर्ण होत नसे, आणि म्हणून दोष लक्षात येई. एरवी साध्या कामात यंत्र निमूटपणे चालत होते.

प्रोसेसरचे तापमान एकटे पाहू नये

दोष सापडायला चार महिने लागले, कारण मी इतके दिवस एकच आकडा पाहत होतो: प्रोसेसरमधल्या सर्वांत तापलेल्या कोअरचे (गणना करणाऱ्या भागाचे) तापमान. वास्तविक या आकड्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली खोलीची हवा, दुसरी त्या हवेपेक्षा पाणी किती अंशांनी गरम आहे हा फरक, आणि तिसरी पाण्यापेक्षा कोअर किती अंशांनी गरम आहे हा फरक. दुसरा आकडा रेडिएटर आणि पंख्यांची प्रकृती सांगतो, तिसरा ब्लॉक आणि पेस्टची. या दोन फरकांची वेगवेगळी नोंद ठेवली, तर दोष ब्लॉकच्या कोणत्या बाजूला आहे हे स्क्रू सैल करण्यापूर्वीच कळते.

पाण्याचे तापमान मोजण्यासाठी फिटिंगच्या जागी बसणारा दोन तारांचा सेन्सर मिळतो आणि काही मदरबोर्डांवर तो जोडण्याची सोय असते. माझ्याकडे तो नव्हता. स्वयंपाकघरात दूध आणि पाक मोजायला वापरतात तसला दांडीचा डिजिटल थर्मामीटर टाकीत बुडवूनही काम भागले, कारण येथे अर्ध्या अंशाच्या चुकीने काही बिघडत नाही. पाणी टाकीत मोजले काय किंवा रेडिएटरच्या तोंडाशी मोजले काय, फारसा फरक पडत नाही. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल तर ते एक अंशाने तापण्यासाठी सुमारे ७० वॉट उष्णता लागते. म्हणजे १२५ वॉट टाकणाऱ्या प्रोसेसरवरून एकदा वाहून गेल्यावर पाणी जेमतेम दोन अंशांनी तापते, आणि प्रवाह जास्त असेल तर त्याहूनही कमी.

मोजताना दोन पथ्ये पाळावी लागतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वीजमर्यादा १२५ वॉटवर बांधून टाकावी, नाहीतर प्रोसेसर कधी १९० वॉट ओढतो, कधी तापून स्वतःच माघार घेतो, आणि आजचे मोजमाप मागच्या आठवड्याच्या मोजमापाशी ताडून पाहता येत नाही. शिवाय पूर्ण भार लावून निदान अर्धा तास थांबावे. पाणी सावकाश तापते. पहिल्या पाच मिनिटांत घेतलेले आकडे पाण्याचे नसून घाईचे असतात. कोअर मात्र भार लागताच क्षणार्धात उडी घेते, आणि ही उडी आपल्या नेहमीच्या उडीपेक्षा बरीच मोठी असेल तर रेडिएटरकडे पाहायचे कारणच नाही, कारण तेवढ्या वेळात पाणी अजून तापलेलेही नसते.

इंदूरला आणखी एक काळजी घ्यावी लागते. माळव्यात दिवसभर कितीही तापले तरी रात्र निवते, त्यामुळे दुपारी चढलेले तापमान रात्री दहा वाजता तपासायला बसावे तर सारे आलबेल दिसते. खोलीचा आकडा शेजारी लिहिलेला नसेल तर अशा तपासणीला काही अर्थ नाही.

माझ्या वहीतल्या नोंदी अशा आहेत. यंत्र ठीक असताना, डिसेंबरात: खोली २३, पाणी ३२, सर्वांत गरम कोअर ६०. म्हणजे हवा ते पाणी ९ अंश, पाणी ते कोअर २८ अंश. बिघडल्यावर, फेब्रुवारीत: खोली २४, पाणी ३३, कोअर ७८. हवा ते पाणी तेच ९, पण पाणी ते कोअर २८ चे ४५ झाले होते. दोन्ही नोंदी १२५ वॉटच्या आहेत. १९० वॉटवर हाच फरक ६८ च्या घरात जातो, आणि पाणीही अधिक तापलेले असल्याने कोअर शंभरीला टेकते. रेडिएटरच्या जाळीतली धूळ झटकणे, पंख्यांचा वेग वाढवणे, कॅबिनेटची काच काढून ठेवणे हे जे उपाय मी मधूनमधून करत होतो, त्यांचा या ४५ शी काडीचाही संबंध नव्हता, हे या दोन ओळींवरून स्पष्ट झाले.

पहिल्या वेळी दोष खरोखरच पेस्टचा होता

आता ब्लॉकच्या बाजूचा फरक वाढला तरी त्याची कारणे दोन असू शकतात. एक, ब्लॉक आणि प्रोसेसर यांच्यामधला स्पर्श बिघडलेला असेल. दोन, ब्लॉकच्या आतून पाणी नीट वाहत नसेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि माझी फसगत नेमकी येथे झाली.

पहिल्यांदा ब्लॉक बसवला त्याच आठवड्यात दोन कोअर बाकीच्यांपेक्षा १४ अंशांनी जास्त तापू लागल्या होत्या. कोअरांमध्ये चार-सहा अंशांचा फरक नेहमीचा आहे, पण एका बाजूच्या कोअर एवढ्या वेगळ्या पडल्या तर स्पर्श असमान आहे असे समजावे. ब्लॉक उचलून पाहिला तेव्हा पेस्टचा ठसा दोन्ही टोकांना पुसट आणि मध्ये जाड होता. माझ्या प्रोसेसरचे सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर तो बसतो ती जागा, एलजीए १७०० जातीचे आहे. हा प्रोसेसर लांबट, ३७.५ गुणिले ४५ मिलिमीटरचा आहे, आणि सॉकेटची कडी त्याला दोन लांब बाजूंच्या मध्यावर दाबते. त्यामुळे झाकणाचा पत्रा मध्ये किंचित खोलगट होतो आणि ब्लॉक टोकांवर टेकून राहतो. मूळ कडीऐवजी बसवायची चौकट मिळते, तिने दाब कडेने सारखा वाटला जातो. तिचे स्क्रू मात्र हलक्या हाताने आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांनी फिरवावेत; जास्त आवळल्यास मेमरीची एखादी पट्टी ओळखली जात नाही आणि माणूस भलत्याच दोषामागे लागतो.

जुना ब्लॉक नव्या सॉकेटवर बसवणाऱ्यांसाठी येथेच सांगून ठेवतो, की आधीच्या एलजीए ११५एक्स आणि १२०० सॉकेटांची भोके ७५ मिलिमीटरच्या चौकोनात होती, १७०० ची ७८ मिलिमीटरच्या चौकोनात आहेत, आणि नव्या प्रोसेसरची बसल्यावरची उंचीही कमी आहे. भोके कानशीने लांबवून जुनी पट्टी बसवली तर ब्लॉक बसल्यासारखा दिसतो, पण स्प्रिंगांचा दाब पुरत नाही. त्या सॉकेटसाठीची पट्टी आणि स्टडच वापरावेत.

चौकट बसवली, पेस्ट नव्याने लावली, चारही नट अर्धा-अर्धा फेरा देत तिरके आवळले, आणि कोअरांमधला फरक पाच अंशांवर आला. पेस्टवर माझा विश्वास बसला तो तेव्हापासून. डिसेंबर सरता सरता तापमान पुन्हा चढले तेव्हा सगळ्याच कोअर एकसारख्या चढल्या होत्या, ही खूण माझ्यासमोर असूनही मी ती वाचली नाही. ब्लॉक उचलल्यावर ठसा पातळ, एकसारखा आणि ओलसर निघाला, म्हणजे पेस्टमध्ये खोट नव्हती. तरी मी ती पुसली आणि नवी लावली. तापमान उतरले. जानेवारीत पुन्हा तेच, फेब्रुवारीत पुन्हा तेच.

गरम-थंड होण्याच्या फेऱ्यांनी पातळ पेस्ट कडेकडे सरकत जाते आणि मध्ये कोरडे पट्टे राहतात, हेही खरेच आहे. पण तेव्हा ठशात ते पट्टे दिसतात. ठसा निर्दोष असताना पेस्टला दोष देऊ नये.

एक लिटर पाणी किती सेकंदांत

मग पेस्ट बदलून तापमान उतरत का होते? मी नळ्या आखूड कापल्या होत्या, त्यामुळे ब्लॉक उचलण्यासाठी दरवेळी सर्व पाणी काढावे लागे. ब्लॉकमध्ये उरलेले थेंब मदरबोर्डवर सांडू नयेत म्हणून मी त्याच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाला नळी लावून जोराने फुंकर मारत असे, आणि आत येणाऱ्या तोंडातून उरलेले पाणी वाटीत पडे. चौथ्या वेळी त्या वाटीकडे मी पहिल्यांदा नीट पाहिले. पाण्यात तांदळाच्या धुवणासारखा पांढुरका गढूळपणा होता. दरवेळी तापमान उतरवत होती ती ही उलटी फुंकर, आणि श्रेय जात होते पेस्टला.

खात्री करण्यासाठी पुढच्या वेळी तापमान चढू दिले आणि ब्लॉकला हात न लावता प्रवाह मोजला. प्रवाहमापक असता तर आकडा पडद्यावरच दिसला असता. मी रेडिएटरकडून टाकीत परत येणारी नळी सोडवून मापाच्या भांड्यात धरली. मदरबोर्डला वीज न देता केवळ पंप चालवायचा होता, म्हणून एसएमपीएसचा (यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) २४ पिनांचा जोड मदरबोर्डपासून काढून त्यातली १६ व्या क्रमांकाची पिन शेजारच्या १७ व्या, म्हणजे अर्थच्या पिनेशी जोडली. यासाठी तयार टोपी मिळते आणि तीच वापरावी, तार खुपसू नये. पंप कोरडा फिरता कामा नये, कारण डी५ च्या बेअरिंगला वंगण पाण्याचेच असते. म्हणून माझी पुतणी डिस्टिल्ड पाण्याचा कॅन घेऊन टाकीत सतत ओतत राहिली आणि दुसऱ्या हातात तिने मोबाइलचे घड्याळ धरले. पाणी लिटरच्या रेषेला लागले तेव्हा ती म्हणाली, "काका, बावन्न सेकंद." म्हणजे तासाला जेमतेम ७० लिटर. ब्लॉक बाजूला ठेवून त्याच्या जागी नुसती नळी जोडली तेव्हा धार भांड्याबाहेर उडू लागली. अडथळा ब्लॉकमध्येच होता.

ब्लॉक उघडला. त्याच्या तळाशी केसांसारख्या बारीक खाचा असतात, अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद. वर एक पातळ पत्रा असतो आणि त्याच्या मधल्या फटीतून पाणी खाचांवर पडून दोन्ही बाजूंना वाटले जाते. ही रचना उष्णता उत्तम ओढते, परंतु गाळणीचेही काम तितक्याच इमानाने करते. फटीखालचा मधला पट्टा पांढऱ्या, साबणाच्या फेसासारख्या चिकट गाळाने भरला होता, कडेच्या खाचा स्वच्छ होत्या. मऊ नळ्यांतून झिरपणारे प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारे द्रव्य) साठले असेल असे मला प्रथम वाटले, कारण खाचा तुंबण्याचे ते नेहमीचे कारण आहे. पण तो थर तेलकट असतो आणि हा बोटांत चोळला की विरत होता. आई शेजारी उभी होती. ती म्हणाली, "अरे, ॲल्युमिनियमच्या डब्यात मीठ ठेवलं की बुडाशी धरतं ना, तसलं दिसतंय हे."

त्या वाक्यानंतर मी रेडिएटर उचलून पाहिला. तांबे ॲल्युमिनियमपेक्षा आकारमानाने तिपटीहून जड असते, त्यामुळे तांब्या-पितळेचा रेडिएटर हातात घेताच जाणवतो. माझा हलका होता, आणि ते हलकेपण खरेदीच्या वेळी मला सोयीचे वाटले होते. चुंबकाचा येथे उपयोग नाही, कारण दोन्ही धातू त्याला चिकटत नाहीत. कोपऱ्यात, दिसणार नाही अशा ठिकाणी, ब्लेडने काळा रंग खरवडला. लालसर किंवा पिवळसर झळक दिसायला हवी होती, ती पांढरीशुभ्र दिसली. विक्रीच्या वर्णनात धातूचा उल्लेखच नव्हता आणि मी विचारलाही नव्हता.

तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की त्यांची बॅटरी होते. ॲल्युमिनियमचे प्रमाण विभव उणे १.६६ व्होल्ट, तांब्याचे अधिक ०.३४ व्होल्ट, या जोडीत झिजते ते ॲल्युमिनियम, आणि त्यापासून तयार होणारे पांढरे हायड्रॉक्साइड पाण्याबरोबर फिरत जिथे चाळण सर्वांत बारीक आहे तिथे, म्हणजे ब्लॉकच्या खाचांत, जाऊन बसते. कारखान्यातून बंद होऊन येणाऱ्या कूलरांमध्ये बहुधा ॲल्युमिनियमचाच रेडिएटर आणि तांब्याचा तळ असतो, तरी ते वर्षानुवर्षे चालतात, ते त्यातल्या गंजरोधक द्रवामुळे आणि पूर्ण बंदिस्तपणामुळे. मी मात्र दरवेळी ताजे, कोणतेही गंजरोधक नसलेले डिस्टिल्ड पाणी भरत होतो आणि झिजेला नवा हुरूप देत होतो.

त्यातही पहिल्या भरणीला मी घरच्या आरओचे पाणी वापरले होते, हे कबूल केले पाहिजे. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, नाहीसे झालेले नसतात, आणि आमच्याकडे टाकीत नर्मदेच्या पाण्याबरोबर बोरिंगचे जड पाणीही मिसळते. गीझरच्या कॉइलवर त्याचा पांढरा थर इंदूरकरांनी पाहिलेला असतोच. क्षार वाढले की पाण्यातून वीज सहज वाहते आणि झीज वेगाने होते.

दुरुस्ती आणि गळती-चाचणी

रेडिएटर बदलण्याला पर्याय नव्हता. तांब्या-पितळेचा नवा घेतला आणि बसवण्यापूर्वी गरम डिस्टिल्ड पाण्याने चार वेळा खळखळून धुतला, कारण नव्या रेडिएटरच्या आत डाख देताना वापरलेल्या फ्लक्सचे (डाख नीट धरावा म्हणून लावायच्या द्रव्याचे) अवशेष असतात. पहिल्या दोन धुवणांत काळपट कण निघाले. ब्लॉकच्या खाचा मऊ टूथब्रशने आणि डिस्टिल्ड पाण्याने, खाचांच्या दिशेने घासून साफ केल्या. व्हिनेगर किंवा लिंबू वापरण्याचा मोह येथे टाळावा, निकेलचा मुलामा आम्लाने उतरू शकतो. ब्लॉकचे वरचे झाकण ॲक्रिलिकचे असेल तर त्याला अल्कोहोलही लावू नये, त्याने बारीक तडे जातात. उघडताना मधला पत्रा कोणत्या बाजूने होता याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि पुन्हा बंद करताना ओ-रिंग खोबणीत पूर्ण बसली आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे तोंड उलटे जोडले गेले तर पाणी गळत नाही, यंत्र चालते, फक्त काही अंश विनाकारण जास्त दिसतात. तेव्हा ब्लॉकवरची खूण वाचूनच नळ्या लावाव्यात.

नळ्याही नव्या घेतल्या आणि डिस्टिल्ड पाण्याऐवजी गंजरोधक असलेले तयार, बिनरंगी कूलंट भरले. रंगीत द्रव्ये दिसायला छान असतात, पण आतला गढूळपणा त्यांत लपतो.

कूलंट भरण्यापूर्वी हातपंपाने ०.५ बार हवा भरून काटा पंधरा मिनिटे पाहिला. या चाचणीत खोलीचे तापमान पाच अंशांनी उतरले तर गळती नसतानाही काटा सुमारे ०.०२५ बारने खाली येतो. पंखा किंवा कूलर चालू करून चाचणी घेऊ नये. काटा स्थिर राहिल्यावर द्रव भरला, प्रत्येक फिटिंगखाली टिशू पेपर ठेवला आणि मदरबोर्डला वीज न देता रात्रभर नुसता पंप चालवला. मधूनमधून कॅबिनेट पुढे-मागे कलते करावे लागते, कारण ब्लॉकमध्ये अडकलेला हवेचा बुडबुडाही पाणी ते कोअर हा फरक वाढवतो आणि नव्या ब्लॉकबद्दल उगाच शंका येते. सकाळी टिशू कोरडे होते. पुन्हा मोजले तेव्हा लिटरभर पाण्याला १९ सेकंद लागले, म्हणजे तासाला १९० लिटरच्या आसपास.

एक सूचना एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचे प्रोसेसर वापरणाऱ्यांसाठी. शेजारचा एक तरुण ९५ अंश पाहून घाबरला आणि त्याने दोनदा ब्लॉक काढला. त्या मालिकेतले वरच्या वीजमर्यादेचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ पर्यंत मुद्दाम चढतात आणि तेथे राहून जमेल तेवढा क्लॉक मिळवतात. कूलिंग सुधारले तर तापमान न उतरता क्लॉक वाढतो. त्यांच्या बाबतीत वीजमर्यादा बांधल्याशिवाय वरची तपासणी करताच येणार नाही.

नवा रेडिएटर बसवून आता अडीच महिने झाले. मेच्या भर दुपारची परवाची नोंद अशी आहे: खोली ३७, पाणी ४६, सर्वांत गरम कोअर ७४. नुसते ७४ पाहिले तर हे फेब्रुवारीतल्या बिघडलेल्या ७८ च्या जवळ जाते, आणि जुन्या सवयीने मी पेस्टची नळी शोधायला उठलो असतो. परंतु पाणी ते कोअर २८ च आहे, डिसेंबरात होते तेवढेच. पाण्याचे ४६ अंश पंपाच्या ६० अंशांच्या मर्यादेपासून दूर आहेत. टाकीतले कूलंट स्वच्छ असून पुढची प्रवाह-मोजणी ऑगस्टमध्ये करायची आहे.